‘ब’च्या पुढचं

काचेपलीकडे बसलेली बाई बटण दाबत नव्हती. बारीक सूर सोडला, नाही. जरा मोठा सोडला, नाही. मग इतका मोठा सोडला की ठार बहिरा माणूसही दचकला असता, तरी तिचा हात मांडीवर होता तसाच, बटणाची वायर बोटांत गुंडाळलेली. कान तपासणाऱ्या माणसाला अशी मंडळी नवी नसतात. कुणाला नोकरीतून सुटका हवी असते, कुणाला घरच्यांची दया हवी असते, एखादे आजोबा केवळ सुनेवर सूड म्हणून बहिरे होतात. तपासणारीने नेहमीप्रमाणे माइकचं बटण दाबलं आणि नेहमीच्या गोड कोरड्या आवाजात म्हणाली, “ताई, आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक आला तरी.” काचेपलीकडच्या बाईने मान वर केली. चाळिशीची असेल, उन्हाने रापलेली, मनगटावर पुरुषी घड्याळ. डोळे भरलेले होते, पण आवाज अगदी ठाम होता, रस्त्यावर माणसांना बाजूला करणाऱ्याचा असतो तसा. “येतायत आवाज. सगळे येतायत.” “मग दाबत का नाही?” “मला तपासून घ्यायचं नाहीये. तुम्ही एकट्या सापडाल अशी दुसरी जागा नव्हती. तो ब-ब-ब करणारा माणूस नेटवर तुम्हीच टाकलाय ना? तुमचा पेपरात फोटो आला होता. तो माझा बाप आहे.”

त्या खोलीच्या भिंती आवाज पिऊन टाकतात. बाहेर कितीही गोंधळ असो, आतला शब्द हेडफोनमध्ये श्वासासकट येतो, जिभेच्या हालचालीसकट. त्यामुळे ‘बाप’ हा शब्द तिच्या कानात इतक्या जवळून पडला की ती खुर्चीत मागे सरकली. पुढे रांग होती, दाराशी चिठ्ठी घेऊन एक म्हातारा उभा होता. ती एवढंच म्हणाली, “दुपारी सुटते मी. थांबाल?” आणि ती बाई म्हणाली, “थांबायची सवय आहे. गाडी शिकवते मी लोकांना.”

दवाखान्यात तिला सगळे कानवाली म्हणत. पाठीमागे म्हणत आणि आता तोंडावरही. तिलाही त्याचं काही वाटत नसे. कानवाली ती खरोखरच होती. सुटीच्या दिवशी जुन्या बाजारात जायचं, मोडक्या मिक्सरांच्या आणि एका पायाच्या टेबलांच्या गर्दीत कॅसेटींचे डबे धुंडाळायचे, आणि ज्यांवर कुठल्या गाण्याचं छापील नाव नाही, कुणीतरी पेनाने काहीबाही खरडलंय किंवा तेही नाही, अशा तेवढ्या उचलून आणायच्या. घरी त्या जुन्या प्लेयरवर लावायच्या. बहुतेकांत खरखर असे. पण कधी एखादं पोर पाढे म्हणत असे आणि तेराच्या पाढ्याशी अडून रडू लागे. कधी दूर देशी गेलेल्या मुलाला आईने बोलून पाठवायचं पत्र असे, त्यात मागे कुकरची शिट्टी होई आणि आई म्हणे, ‘थांब हं, गॅस बंद करून येते,’ जणू मुलगा तिथे ताटकळत बसलाय. एका माणसाने अख्खी बाजू पोपटाला बोलतं करण्यात घालवली होती. पोपट शेवटपर्यंत एक अक्षर बोलला नाही, शेवटी बायकोच बोलली, आणि जे बोलली ते पोपटाने ऐकलं नसतं तर बरं. असं काही सापडलं की ती ते कॉम्प्युटरवर घेई, खरखर कमी करी, एखादं नाव देई आणि नेटवरच्या आपल्या पानावर टाकी. लोक ऐकत. आधी थोडे, मग पुष्कळ. कोण कुठली माणसं, आपल्या पश्चात आपली खोली कुणी आवरली आणि आपला आवाज भंगारात गेला हे त्यांच्या गावीही नाही, आणि हजारो लोक त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकतायत. तिला वाटे, हे पुण्याचं काम आहे. निदान ऐकणारं कुणीतरी आहे त्यांना. हे ती पेपरवाल्या मुलीलाही म्हणाली होती. जे म्हणाली नव्हती ते तिचं तिलाही धड माहीत नव्हतं.

तिचा नवरा शिकवणी घ्यायचा. गणिताची. घरातल्याच पुढच्या खोलीत, पोरं दाटीवाटीने बसलेली, आणि त्याचा आवाज त्या सगळ्यांच्या डोक्यावरून स्वयंपाकघरापर्यंत यायचा. आवाज काही फार चांगला नव्हता. जाडसर होता, वाक्याच्या शेवटी वर चढायचा, जणू प्रत्येक गोष्ट तो पोरांकडून कबूल करून घेतोय. मग तो बसायला लागला. शिकवणीत घसा बसतोच. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, काढे झाले, बोलणं कमी करून झालं. जिने रोज लोकांचे कान मापले, कुणाला कोणत्या सुराला किती कमी येतं हे जी झोपेतही सांगू शकली असती, तिला आपल्या घरातला आवाज रोज थोडा थोडा खाली चाललाय हे ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. डॉक्टरांनी गळ्यात गाठ दाखवली तेव्हा उशीर झाला होता. जीव वाचवायला स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचर हलताना तो तिला काहीतरी म्हणाला. काय ते तिला आठवत होतं. ‘पंखा बंद करून आलीस ना?’ असं म्हणाला. शब्द आठवत होते. आवाज मात्र आठवायला गेलं की दुसऱ्याच कुणाचा तरी यायचा.

त्यानंतर तो दोन वर्षं होता. गळ्याला भोक, त्यावर पातळ रुमाल. बोलायला एक यंत्र मिळालं, गळ्याला टेकवून ओठ हलवले की त्यातून गुणगुणल्यासारखा सपाट सूर यायचा, माशी बाटलीत अडकावी तसा. पहिल्या दिवशी तो ते लावून आईशी बोलायला गेला. त्याच्या आईचे कान तेव्हाच गेलेले. तिला तो सूर लागेचना. ती आपली म्हणत राहिली, ‘अरे ते बंद कर आणि मग बोल. अरे बंद कर ना ते.’ त्याने बंद केलं. पुन्हा कधी लावलं नाही. कागदाच्या पाठकोऱ्या तुकड्यांवर लिहायचा, तेही थोडं. घर गप्प झालं. तो गेला तेव्हा गर्दी जमली, जुनी पोरं आली, कुणीतरी म्हणालं, सरांचा आवाज अजून कानात आहे. तेव्हा तिला वाटलं की याची कॉलर धरावी आणि म्हणावं, दाखव, कुठे आहे? फोटो ढिगाने होते. आवाज एकच होता, जुन्या फोनमध्ये, कुणाच्या तरी घरच्या समारंभातला. फोन बदलताना तो गेला. दुकानातल्या मुलाने विचारलं होतं, जुनं सगळं नव्यात घ्यायचंय का, आणि तिला घाई होती.

त्यानंतर वर्षभराने ती पहिल्यांदा जुन्या बाजारात गेली. काही शोधायला म्हणून नाही. तिथे तो असणार नाही एवढं तिला कळत होतं.

तो अडखळणारा माणूस तिला गेल्या हिवाळ्यात सापडला. काळी कॅसेट, वर काही लिहिलेलं नाही. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग घसा खाकरणं, मग, ‘हॅलो. मी ब... ब... ब...’ थांबणं. श्वास. ‘हॅलो. मी ब...’ पुन्हा, पुन्हा. कधी तो ‘मी’वरून धावत येई आणि ‘ब’शी आपटे. कधी हळूच, मागच्या दाराने शिरल्यासारखा, गुणगुणत ‘ब’ गाठायला जाई, आणि ‘ब’ जागा असे. एकदा वैतागून त्याने स्वतःलाच एक सणसणीत शिवी दिली, आणि ती मात्र अगदी न अडखळता. इथे तिला हसू फुटलं होतं. पुष्कळ महिन्यांनी ती एकटी बसून मोठ्याने हसली होती, आणि त्या अनोळखी माणसाबद्दल तिला माया वाटली होती, हे खरं. त्यानंतर फीत नुसती सरसरत राहिली. तिने थोडं ऐकलं, मग उरलेलं कोरं असणार म्हणून बंद केलं. खटाटोपाचा तेवढा भाग कापला, शिवीवर संपवला, ‘ब’चा डोंगर असं नाव दिलं आणि टाकला. तो इतका पसरला की तिलाही कळेना काय झालं. कुणीतरी त्याला ताल लावला. कुणीतरी त्यावर नाचलं. दवाखान्यातला शिपाईसुद्धा एकदा उशिरा आला तेव्हा म्हणाला, ‘काय करू मॅडम, बस ब-ब-ब करत होती,’ आणि तो विनोद तिच्याच पानावरून निघालाय हे त्याला ठाऊक नव्हतं. ती हसली होती तेव्हा. अभिमानाने हसली होती.

दुपारी ड्रायव्हिंगवाली दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी होती. शिकाऊ पाटी लावलेल्या गाडीत दोघी बसल्या. गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक होता, तिथे कानवाली बसली; बोलताना ड्रायव्हिंगवालीचा पाय सारखा आपल्या ब्रेकवर जात होता, गाडी बंद असूनही. “माझी एक शिकाऊ मुलगी आहे,” ती म्हणाली. “कॉलेजातली. क्लच सोडताना गाडी आचके द्यायला लागली की हसत म्हणते, ब-ब-ब. मी म्हटलं हे काय नवीन? तर तिने मोबाइल काढून ऐकवलं. सिग्नलला. माझा हात स्टिअरिंगवर होता म्हणून बरं. नाहीतर मी काय केलं असतं देव जाणे.”

“तुम्ही ओळखलंत कसं?” तिने विचारलं, आणि विचारल्यावर तिला स्वतःचाच राग आला. जणू पुरावा मागतेय.

“शिवीवरून.” ड्रायव्हिंगवाली पहिल्यांदा किंचित हसली. “ती शिवी तो सायकलची चेन पडली की द्यायचा. मी सात वर्षांची होते आईने मला उचलून दुसऱ्या शहरात नेलं तेव्हा. भांडण काय होतं ते आजवर मला नीट कळलेलं नाही. आई सांगायची, त्याला आपली पडलेली नाही. पडली असती तर एक फोन नसता का केला? मला ते पटायचं. कुणालाही पटेल. एवढ्या वर्षांत एक फोन नाही, हो. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाचा निरोप आला, गेला म्हणून. गेल्यावर पंधरा दिवसांनी. त्यानेच खोली रिकामी केली असणार. मी गेले नाही. कशाला जायचं?” बोलता बोलता तिने आरसा उगाच नीट केला. “आणि आता ऐकते तर काय, हा माणूस हॅलो म्हणायची तालीम करतोय.”

“मी ते काढून टाकते,” कानवाली म्हणाली. “आत्ता, इथूनच.”

“काढून काय होणार? ती पोरगी वाजवतेच आहे.” मग तिने पहिल्यांदा सरळ तोंडाकडे पाहिलं. “त्या कॅसेटमध्ये आणखी काय आहे?”

‘काही नाही, पुढे कोरी आहे,’ हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. रोज पेशंटना ती काय सांगत असे? शांत वाटलं तरी थांबा. घाई करू नका. सगळ्यात बारीक आवाज शांततेनंतरच येतो. “मी शेवटपर्यंत ऐकली नाही,” ती म्हणाली. तिला वाटलं आता ही बाई काहीतरी लागेल असं बोलेल. पण ड्रायव्हिंगवालीने नुसती किल्ली फिरवली आणि विचारलं, “घर कुठल्या बाजूला?”

घरी सासूने दार उघडलं. पाहुणी बघून तिने आधी केस नीट केले आणि मग कानातलं यंत्र. “कोण गं ही?” तिने आपल्याला हळू वाटणाऱ्या आवाजात विचारलं, म्हणजे वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. “कामाच्या आहेत, आई. एक कॅसेट ऐकायचीय.” “मग चहा टाकते. ऐकायचं तुमचं चालू दे, मला काय त्यातलं.” कॅसेटींची खोली म्हणजे पूर्वीची शिकवणीची खोली. भिंतीला पोरांच्या डोक्यांच्या तेलाचा पट्टा अजून होता, रंग दिला तरी वर येणारा. तिने काळी कॅसेट शोधली, प्लेयरमध्ये घातली, वायर जोडल्या, आणि ती शिवीच्या जागेपासून सुरू केली. ड्रायव्हिंगवाली खुर्चीच्या कडेवर बसली, दोन्ही हात पुढे धरून, समोर रस्ता असल्यासारखी.

सरसर. बराच वेळ सरसर. मग काहीतरी उचलल्याचा आवाज, आणि जुन्या फोनची तबकडी फिरू लागली. खर्र करून जायची आणि टकटकत परत यायची. आकडा मोठा असला की यायला वेळ लागायचा. दोघी त्या प्रत्येक आकड्याबरोबर थांबत होत्या. ड्रायव्हिंगवालीचे ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती, आणि मधेच तिने मोजणं सोडून हात तोंडावर नेला. “आमचा नंबर,” ती म्हणाली. “आमचा जुना नंबर आहे हा.”

घंटी वाजत असणार, ती टेपवर येत नव्हती. येत होता तो त्या माणसाचा श्वास, आखडलेला. आणि मग त्या श्वासाच्या पलीकडून, रिसीव्हरच्या भोकांतून गळणारा एक आवाज आला, इतका बारीक की सवय नसलेल्या कानाने तो खरखरीतच जमा केला असता. कानवालीने बटण फिरवून तो वर आणला. एक लहान मुलगी. ‘हॅलो? हॅलो, कोण?’ माणसाचा श्वास अडला. ‘मी...’ एवढंही बाहेर पडलं नाही, नुसते ओठ मिटल्याचा आवाज, तो ‘ब’ बाहेर न येता तिथेच दाबून धरलेला. ‘आई, तोच आहे गं, न बोलणारा!’ मुलगी ओरडली, भलतीच खुशीत. आणि मग तिने भुंकायला सुरुवात केली. भू, भू भू, अगदी जीव तोडून, मधेच लांब विव्हळून, आणि मग गुरगुरून. आणि तो माणूस हसला. आधी नाकातून, मग दाबून धरत, आणि मग दाबता न आल्यासारखा. हसण्यात कुठे अडखळ नव्हती. ते हसू एका दमात सरळ वाहत गेलं. पलीकडे मुलीलाही ते ऐकू आलं असावं, कारण भुंकणं क्षणभर थांबलं, आणि दुप्पट जोराने सुरू झालं. तेवढ्यात कुणा मोठ्या बाईचा तुटक आवाज, आणि खट्.

टेप चालूच राहिली. तो रिसीव्हर ठेवत नव्हता. तुटलेल्या लाइनचा सूर बारीक चालला होता. त्या सुरात तो माणूस बोलला. मोकळ्या, साध्या, घरात बोलतात तशा आवाजात. ‘मी बाबा बोलतोय. जेवलीस का?’ थांबला. उत्तर ऐकल्यासारखा थांबला. ‘बरं, बरं,’ म्हणाला, आणि मग रेकॉर्डरचं बटण दाबल्याचा आवाज आला.

ड्रायव्हिंगवाली रडली नाही. ती भिंतीकडे बघत बोलू लागली, समजावून सांगितल्यासारखी, एकेक पायरीने. “दर रविवारी यायचा फोन. आई म्हणायची कुणी मवाली आहे, उचलू नकोस. आणि मीच पळत जायचे. म्हणायचे, थांब, मी पिटाळते त्याला. कधी कुत्रा व्हायचे, कधी मांजर. एकदा अख्खी कविता म्हणून दाखवली होती, शाळेतली. त्याने शेवटपर्यंत ऐकली. मी म्हटलं, कसा माणूस आहे, ठेवत पण नाही.” तिने हातातलं घड्याळ काढलं आणि पुन्हा घातलं. “मी त्या वेळेची वाट बघायचे, हो. मैत्रिणींना सांगायचे, आमच्याकडे एक न बोलणारा आहे. मग मी मोठी झाले. दहावी आली, अभ्यासात व्यत्यय नको. आईने नंबर बदलला.” आणि मग स्वतःलाच खोडून काढत, “आईने नाही. मी म्हटलं होतं. आई म्हणाली होती, राहू दे गं, येऊन जाऊन एक फोन तर आहे. आईला ठाऊक असेल का हो? तिला ठाऊक होतं का?” तिची आईही आता नव्हती, हे तिने गाडीत सांगितलं होतं.

सासू चहा घेऊन आली. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण तिने त्या अनोळखी बाईच्या पाठीकडे पाहिलं, कप खाली ठेवले, आणि हात पदराला पुसून तो तिच्या डोक्यावर ठेवला. ‘काय झालं’ म्हणूनसुद्धा विचारलं नाही. मग मात्र त्या बाईचा बांध फुटला. ती सासूच्या कमरेला मिठी मारून मोठ्याने रडली, आणि म्हातारी ओटीपोटाशी ते डोकं धरून उभी राहिली, खिडकीबाहेर बघत, जणू पोर रडून दमायची वाट बघतेय.

शांत झाल्यावर ड्रायव्हिंगवालीने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट केलं. “हे काय हलतंय?” पडद्यावर हिरव्या उभ्या रेघा खालीवर होत होत्या. वायर जोडताना कानवालीच्या हातांनी नेहमीचं काम केलं होतं. “कॉपी होतेय,” ती म्हणाली. “सवयीने. मी मुद्दाम...” पण खरं हे होतं की मघाशी, त्या ‘जेवलीस का’च्या वेळी, डोळे पुसत असतानाच, तिच्या डोक्याच्या एका कोपऱ्याने म्हटलं होतं, काय मिळालंय हे. एवढं सुंदर आजवर कधी मिळालं नव्हतं. तो कोपरा तिला पहिल्यांदा स्पष्ट दिसला. हजारो लोक ऐकतील, रडतील, हसल्याबद्दल त्यांना लाज वाटेल, आणि या माणसाची भरपाई होईल, असं तो कोपरा अजून समजावत होता. “हे शेवटचं कुणाला ऐकवू नका,” ड्रायव्हिंगवाली म्हणाली. “मला ठाऊक आहे लोकांना आवडेल. पण हा फोन मला केलेला आहे.” कानवालीने तिच्या देखत ते पुसलं. पुसल्यावर पडदा विचारतो, नक्की का? तिने नक्की म्हटलं. मग कॅसेट काढली, डबीत घातली आणि तिच्या हातात दिली. जुना प्लेयर तिच्याकडे नव्हता, म्हणून फडताळातला जादाचा दिला. दारात ड्रायव्हिंगवाली थबकली. “तुमचं कुणी असेल ना यांत?” तिने खोलीतल्या रचलेल्या कॅसेटींकडे बघत विचारलं. “म्हणून करता ना हे?” “नाही,” ती म्हणाली. “माझं कुणी नाही यांत.” गाडी कोपऱ्यावर वळताना एक आचका बसला. एवढी रोज शिकवणारी बाई, पण बसला.

त्या संध्याकाळी तिने ‘ब’चा डोंगर पानावरून काढला. काढण्याआधी त्याखाली लोकांनी जे जे लिहिलं होतं ते सगळं वाचलं. हसणारे चेहरे, आणखी हसणारे चेहरे. त्यांत कुणी दुष्ट नव्हतं. एकाने लिहिलं होतं, माझा भाऊ असाच बोलतो, मला त्याची आठवण आली. कुणीतरी लिहिलं होतं, हा कुणाला फोन करत असेल? त्या प्रश्नाखाली कुणाचंच उत्तर नव्हतं. पुढच्या सुटीला ती जुन्या बाजारात गेली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. आवाजांनी भरलेली ती खोली तिने बंद केली नाही, पण आत गेली की तिला आता सगळीकडे तेच वाटू लागलं, की ही सगळी माणसं माझ्याशी बोलतच नाहीयेत. पाढे म्हणणाऱ्या पोराला आपल्या बाबांना खूश करायचं होतं. ‘थांब हं, गॅस बंद करून येते,’ हे त्या मुलाला होतं. इतकी वर्षं ती मधेच फोन उचलून ऐकत बसली होती, आणि तिच्यासाठी कुणाचाच फोन आलेला नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या सुटीला दोघी सासवासुना संध्याकाळी लवकर जेवायला बसल्या होत्या. खिडकीतून ऊन तिरपं ताटांवर आलं होतं. “हल्ली तू बाजारात जात नाहीस?” सासूने विचारलं. “नाही.” “ती बाई कोण होती गं? रडत होती ती?” आणि तिने सांगितलं. मोठ्याने, शब्द सुटे करत, ओठ दिसतील असं तोंड सासूकडे करून, तिने त्या माणसाची, त्या फोनची, त्या भुंकणाऱ्या पोरीची सगळी गोष्ट सांगितली. इतकं लांब ती सासूशी कधी बोलली होती हे तिला आठवेना. सासूने घास हातात तसाच ठेवून ऐकलं. शेवटी म्हणाली, “हसला ना तो? बरं झालं. तेवढं तरी मिळालं बिचाऱ्याला.” मग हातातला घास ताटात ठेवून, “आपल्याकडे त्याचं काहीच नाही गं.” कुणाचं हे सांगायची गरज नव्हती.

“काहीच नाही, आई.” आणि मग, का कोण जाणे, तिने विचारलं, “तो बोलायला कधी लागला?”

“उशिरा,” म्हातारी लगेच म्हणाली, प्रश्नाची वाटच बघत असल्यासारखी. “फार उशिरा. तुला सांगितलं नाही मी कधी?”

“नाही.”

“तू विचारलंस कधी? तो गेल्यापासून आपण दोघी गोळ्या आणि या यंत्राची बॅटरी, एवढंच तर बोलतो.” ते ती सहज म्हणाली, तक्रार म्हणून नाही. “तीन वर्षांचा झाला तरी बोलेचना. शेजारणी म्हणायला लागल्या, मुका आहे. सासू म्हणाली, हिच्या माहेरी कुणी असेल. मी रोज पोराच्या तोंडासमोर तोंड नेऊन आई म्हण, आई म्हण करायचे. हा नुसता बघायचा, मास्तरासारखा. आणि एक दिवस ह्यांच्या हातून पातेल्याचं झाकण पडलं. फरशीवर. असं गोल गोल फिरत राहिलं, खणखणखण करत. मी कानांवर हात ठेवले. झाकण थांबलं. आणि हा म्हणाला, परत.”

“काय म्हणाला?”

“परत! आई नाही, बाबा नाही. परत. एवढं स्पष्ट, बोबडं नाही, काही नाही. आणि शेवटी असं वर गेलं ते, प-र-त?” म्हातारीने तो शब्द हनुवटी उचलून म्हटला, आणि वाक्याच्या शेवटी वर चढणारा, कबूल करून घेणारा तो सूर त्या घरात इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी गळ्यातून आला. “मग काय. ह्यांनी पुन्हा टाकलं झाकण. हा म्हणे परत. आम्ही दोघं संध्याकाळभर झाकणं पाडत होतो, घरातली होती नव्हती तेवढी सगळी. खालचे भांडायला वर आले, तर हे म्हणतात कसे, मुलगा बोललाय आमचा, या, बसा, ऐका!” म्हातारी हसत होती, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. समोर सून ताटावर वाकली होती. तिचे खांदे हलत होते, आणि तिच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. सासूला ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, पण ती बघत होती.

“आई,” सुनेने मान वर करून म्हटलं, ओठ दिसतील असं. “परत सांगा ना.”

म्हातारीने पाण्याचा घोट घेतला, ताट बाजूला सारलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.